एक ताट अधिक

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाशी दूरच्या पोलंड देशाचे नाते जडलेले आहे. १९३९ साली जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी पोलंडवर आक्रमण केले. रशियाने असंख्य पोलिश कुटुंबांना घरांतून काढून सायबेरियासारख्या थंड व ओसाड प्रदेशांत धाडले. तेथून सुटलेली सुमारे ५,००० माणसे इराणमार्गे १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत आली. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती.

देश सुटला, तरी सणांची आठवण सुटत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी पोलिश लोक उपवास करतात. संकष्टीला आपण चंद्रोदयाची वाट पाहतो, तशी तिकडची मुले पहिल्या चांदणीची वाट पाहतात. ती दिसली की १२ पदार्थांचे भोजन सुरू होते. त्यात ‘पिएरोगी’ असतात. गव्हाच्या पिठाच्या पारीत कोबी व अळंबीचे सारण भरून त्या करतात. आकार आपल्या करंजीचा. मात्र त्या तळत नाहीत, उकळत्या पाण्यात शिजवतात.

या पंगतीत एक ताट अधिक मांडतात. अवचित आलेला पाहुणा उपाशी जाऊ नये, हा त्यामागील हेतू.

मुलांनो, वळिवड्यास आलेली मुले अशीच अवचित पाहुणी होती. येथे त्यांना निवारा मिळाला, शाळा मिळाली. १९४८ पर्यंत ती निघून गेली. २०१९ साली त्यांतील काही जण वृद्धपणी कोल्हापूरला पुन्हा आले. आपल्यासाठी मांडलेले ते ताट ते विसरले नव्हते.