तेच जोर, त्याच बैठका

थंडीचे दिवस आले कीं व्यायामाचा उत्साह वाढतो आणि होळीच्या सुमारास तो ओसरतो, हा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. वडील मंडळी त्याचें खापर मुलाच्या आळसावर फोडतात. आमच्या मतें हा निवाडा अपुरा आहे. कित्येकदां त्या व्यायामांत मुलाला करण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें.

समजा, एखाद्या मुलानें रोज २५ बैठकांचा नेम धरला. पहिल्या आठवड्यांत त्याच्या मांड्या दुखतात व जिना उतरतांना तो कण्हतो. महिन्याभरानें दुखणें थांबतें. सहा महिन्यांनीं त्याचा श्वासही वाढत नाहीं. या बैठका फुकट गेल्या असें नव्हे. मिळविलेलें बळ त्या राखतात, परंतु नवें बळ देत नाहींत. नव्या श्रमाच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत मुख्यतः मज्जातंतूच शिकतात. स्नायूंतील अधिकाधिक तंतू एकाच वेळीं कामास लावण्याची हातोटी त्यांना साधते. पुढें ते तंतू जाड होऊं लागतात. पण श्रम सवयीहून थोडे अधिक असतील तरच ही वाढ होते, आणि ती होते विश्रांतींत व झोपेंत. शरीर मोठें हिशेबी आहे. गरज नसतां तें कांहीं वाढवीत नाहीं.

प्राचीन ग्रीसमधील मायलो नांवाच्या मल्लाविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, तो एक वासरूं रोज खांद्यावर घेऊन चाले. वासरूं वाढत गेलें, तसें मायलोचें बळही वाढलें. वासरूं तेवढेंच राहिलें असतें तर मायलोचें नांव आज कोणास ठाऊक असतें?

मात्र ओझें वाढविणें हा एकच मार्ग नव्हे. आमच्या मल्लखांबाकडे पाहा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं या विद्येस नवें जीवन दिलें, अशी परंपरा आहे. खांब तोच, पण अढी साधली कीं तेढी, मग बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा अशी चढण पुढें उभीच असते. पुरलेल्या खांबावर जी अढी सहज बसते, तीच टांगत्या खांबावर पुन्हा शिकावी लागते, कारण हा खांब झुलतो व फिरतो. दोरीवर, जेथें मुली विशेष नांव मिळवितात, पायाच्या अंगठ्याची पकडच मुख्य आधार होते. वजन शरीराचेंच, तरी आव्हान दरवेळीं निराळें. पुण्यांत देशी व्यायामाची जोपासना करणाऱ्या संस्थांत, कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं १९२४ सालीं स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाचें नांव मानानें घेतलें जातें. टिळक रस्त्यावरील त्याचें आवार सदाशिव पेठेच्या मुलांस पायीं जाण्याजोगें आहे.

जेथें आखाडा नाहीं, तेथें पर्वती आहे. तिच्या १०३ पायऱ्यांतून किती व्यायाम निघतो! पहिल्या पंधरवड्यांत मध्यें थांबत एकदां चढावें, मग न थांबता, मग दोनदां, मग एक फेरी सावकाश व एक झपाट्यानें. चढतांना एक पुरें वाक्य बोलतां आलें तर गति मध्यम समजावी. दोन शब्दांवर दम अडकला तर ती जोराची. नमस्कारांतही हेंच करतां येतें. पंचविसांचे तीस करण्यापूर्वीं तेच पंचवीस, प्रत्येक स्थितींत एक श्वास थांबून घालून पाहावे; फरक पोटाला तत्काळ कळतो. दोन दिवस खो-खो किंवा हुतूतू खेळावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे काय मानवलें तें समजतें.

याच्या उलट टोकास जाणारे वीरही आम्ही पाहतों. आज जोडी, उद्यां मल्लखांब, परवां धांवणें, आणि कशांतच पहिल्या धड्यापुढें मजल नाहीं. त्याला आम्ही विविधता म्हणत नाहीं, ती निव्वळ चंचलता. नवा प्रकार निदान महिनाभर चालवावा. दुसऱ्या दिवशीं सर्व स्नायूभर पसरलेला ठणका असला तर भिऊं नये. सांध्यांत एका जागीं टोंचणारी कळ आली तर त्याच क्षणीं थांबून गुरुजींस सांगावें.

पालकांपैकीं कित्येकांना अभ्यासाची काळजी वाटते, ती रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींकरितां रोज सरासरी ६० मिनिटें हालचाल सांगितली असून, आठवड्यांतून निदान ३ दिवस दमदार व हाडें-स्नायू बळकट करणारे श्रमही सांगितले आहेत; त्यांत खेळणें आणि शाळेस चालत जाणेंही धरलें जातें. वार्षिक परीक्षेच्या महिन्यांत नेम मोडण्यापेक्षां तो अर्ध्यावर आणावा. बळ मिळविण्यास जेवढे श्रम लागतात, त्याहून पुष्कळ कमी श्रमांत तें कांहीं आठवडे राखतां येतें, आणि परीक्षा संपल्यावर पर्वतीची दुसरी फेरी तेथूनच सुरू करतां येते.