घटक ६ : छतावरची वीज आणि स्वावलंबनाचा वाद

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• छतावरील सौर संच आणि वीजवितरणाचे जाळे यांचा संबंध स्पष्ट करणे.
• 'नेट मीटरिंग'विषयीच्या वादातील दोन्ही बाजू त्यांच्या आधारांसह मांडणे.
• या वादामागील वैचारिक परंपरा ओळखणे.
• सार्वजनिक वादात 'स्वावलंबन' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला जातो, हे तपासणे.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सार्वजनिक प्रश्नांवरील लेखन वाचताना काही शब्द आपण न तपासता स्वीकारतो. 'स्वावलंबन' हा त्यांपैकी एक. स्वातंत्र्य चळवळीपासून मराठी वैचारिक लेखनात या शब्दाला मान आहे. त्यामुळे तो उच्चारला की वाद मिटला, असे वाटते. विजेच्या बाबतीत मात्र वाद तेथूनच सुरू होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवणे हे तिचे उद्दिष्ट असून तीन किलोवॅट वा त्याहून अधिक क्षमतेच्या घरगुती संचास ७८,००० रुपये अनुदान ठरले. सूर्यप्रकाश फुकट, धूर नाही, बिल कमी. मग यावर मतभेद कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आता आपण पाहू.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ संच प्रत्यक्षात कसा चालतो?

आपल्याकडे एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. म्हणजे तीन किलोवॅटच्या संचापासून महिन्याला सुमारे ३६० युनिट मिळतात. आता एका कल्पित कुटुंबाचे उदाहरण घ्या. त्याचा महिन्याचा वापर ३०० युनिट आहे. दिवसा माणसे कामावर आणि मुले शाळेत असल्याने ऊन असताना केवळ ९० युनिट वापरले जातात. उरलेले २७० युनिट तारांवरून महावितरणच्या जाळ्यात जातात. संध्याकाळी दिवे, पंखे, दूरदर्शन संच सुरू झाल्यावर हेच कुटुंब जाळ्यातून २१० युनिट परत घेते.

दोन्ही दिशांचा प्रवाह मोजणारे मीटर २१० मधून २७० वजा करते. शिल्लक ६० युनिट पुढील महिन्याच्या खात्यात जमा होतात. या वजाबाकीच्या पद्धतीला 'नेट मीटरिंग' म्हणतात. कुटुंबाचे वापरलेल्या युनिटांचे बिल शून्य झाले. परंतु वापरलेल्या ३०० पैकी २१० युनिट, म्हणजे ७० टक्के वीज, जाळ्यातूनच आली. बिलाचे शून्य आणि अवलंबित्वाचे शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे नीट लक्षात घ्या.

आणखी एक बाब पाहा. बॅटरी नसलेला, जाळ्याला जोडलेला संच बाहेरची वीज गेली की भर उन्हातही आपोआप बंद पडतो. ही त्रुटी नसून सुरक्षेची योजना आहे. संच चालू राहिला, तर मृत समजलेल्या तारेत वीज शिरेल आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव धोक्यात येईल. 'स्वावलंबी' घर शेजाऱ्याबरोबरच अंधारात बसते ते यामुळे.

६.३.२ वादाच्या दोन बाजू

वितरण कंपन्यांचा मुख्य आक्षेप खर्चाच्या वाटणीविषयी आहे. खांब, रोहित्रे, उपकेंद्रे, कर्मचारी यांचा खर्च ऊन असो वा नसो, चालूच राहतो. यातील काही भाग 'स्थिर आकार' म्हणून बिलात येतो. बराच भाग मात्र युनिटच्या दरातूनच वसूल होतो. शिवाय आपल्या दररचनेत जास्त वापर करणाऱ्यांकडून अधिक दर घेऊन शेतीपंप आणि कमी वापराची घरे यांना आधार दिला जातो. यालाच 'क्रॉस सबसिडी' म्हणतात. ज्याच्याकडे स्वतःचे छत आणि भांडवल आहे, असा ग्राहक बहुधा वरच्या टप्प्यातील असतो. त्याचे बिल शून्यावर आले की त्याने उचललेला वाटा उरलेल्यांवर पडतो. चाळीत, झोपडीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला छतच नाही. पण वाढीव दराचा भार त्याच्याही माथी येऊ शकतो.

संचधारक आणि ग्राहक संघटना याला तीन उत्तरे देतात. पहिले : छतावरची वीज शेजारच्याच घरात वापरली जाते, त्यामुळे लांबून वीज आणताना होणारी गळती वाचते. दुसरे : वितरण व्यवस्थेतील तोटा, चोरी आणि थकबाकी यांचे मूळ अन्यत्र असताना दोष थोड्या छतांना देणे अन्यायाचे आहे. तिसरे आणि सर्वांत वजनदार : ज्यांनी शासनाच्या शब्दावर विसंबून कर्ज काढून संच बसवला, त्यांच्यासाठी मधेच नियम बदलणे हा विश्वासभंग होय.

दोन्ही बाजू न्यायाचीच भाषा बोलतात. एका बाजूला छत नसलेल्याला मिळावयाचा न्याय आहे, तर दुसऱ्या बाजूला दिलेला शब्द पाळण्याचा न्याय आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : वरील कुटुंबाने दिवसाचा वापर ९० वरून १५० युनिटांवर नेला आणि एकूण वापर तेवढाच ठेवला, तर जाळ्यातून किती युनिट घ्यावे लागतील? त्याचे जाळ्यावरील अवलंबित्व कितीने घटेल?

६.३.३ वैचारिक पार्श्वभूमी

वीज कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न नवा नाही. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनी १९३५ मध्ये 'हरिजन' पत्रात लिहिताना गावातील प्रत्येक घरात वीज पोचत असेल तर तिच्यावर अवजारे चालवण्यास हरकत घेतली नाही. मात्र गायरानाप्रमाणेच वीजघरेही गावाच्या किंवा राज्याच्या मालकीची असावीत, अशी त्यांची अट होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीजधोरणाचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, या निकषावर भर दिला. दारिद्र्यातून सुटकेसाठी औद्योगिकीकरण आणि त्यासाठी वीज, असा त्यांचा विचारक्रम होता. पुढे १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग मोकळा केला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि २००५ मध्ये त्याच्या विभाजनातून महावितरण ही वितरण कंपनी अस्तित्वात आली.

गांधी आणि आंबेडकर यांच्या ग्रामविषयक विचारांत मोठे अंतर आहे. तरीही विजेकडे दोघांनीही सामाजिक साधन म्हणून पाहिले. प्रत्येक घर हेच एक वीजघर, ही कल्पना त्या दोघांच्याही चौकटीत बसत नाही. म्हणून आजच्या वादात त्यांपैकी एकाचे नाव घेऊन दुसऱ्या बाजूला गप्प करता येत नाही.

६.३.४ महाराष्ट्रातील अनुभव

वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील विषय आहे. त्यामुळे केंद्र अनुदान जाहीर करते. दर आणि जोडणीच्या अटी मात्र राज्याचा विद्युत नियामक आयोग ठरवतो. महाराष्ट्रात आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे विनियम केले. २०१९ च्या नव्या मसुद्यात या सवलतीला महिना ३०० युनिटांची मर्यादा घालण्याची आणि त्यापुढे 'नेट बिलिंग' आणण्याची सूचना होती. नेट बिलिंगमध्ये युनिटाची युनिटाशी वजावट होत नाही. दिलेली वीज कमी दराने विकत घेतली जाते आणि घेतलेल्या विजेला नेहमीचा दर लागतो. मसुद्यावर मोठ्या प्रमाणात हरकती आल्या. वर्षअखेरीच्या अंतिम विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिले. जाळ्याच्या वापरापोटी वेगळा आकार घेण्याची कल्पना मात्र पुसली गेली नाही. राज्यातील छतावरील क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत तो लावू नये, असे धोरण ठरले. म्हणजे वाद मिटला नाही, पुढे ढकलला गेला.

६.३.५ अन्य देशांतील दोन उदाहरणे

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. स्पेनमध्ये २०१५ च्या राजाज्ञेने स्वतःची वीज निर्माण करणाऱ्यांवर बसवलेल्या आकाराला विरोधकांनी 'सूर्यकर' हे नाव दिले. सत्तांतरानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये तो रद्द झाला. नामकरणाची ताकद पाहा : 'जाळ्याचा खर्च' म्हटले की आकार रास्त वाटतो, 'सूर्यकर' म्हटले की तोच जुलमी वाटतो.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २०१३ मध्ये उजव्या विचारांच्या 'टी पार्टी'चे काही कार्यकर्ते आणि 'सिएरा क्लब' ही पर्यावरणवादी संस्था सौर ऊर्जेसाठी एकत्र आले. एकाला मक्तेदारीपासून मुक्तता हवी होती, दुसऱ्याला स्वच्छ हवा. मागणी एक असली तरी तिच्यामागील कारणे भिन्न असू शकतात.

६.३.६ अशा वादाचे वाचन कसे करावे?

सौर ऊर्जेवरील अग्रलेख, निवेदन किंवा भाषण वाचताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. लेखक कोणत्या खर्चाविषयी बोलतो आणि कोणता खर्च गाळतो? 'ग्राहक' म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे छत असलेला ग्राहक आहे की नसलेला? 'स्वावलंबन' या शब्दाने त्याला वीज निर्माण करणे अभिप्रेत आहे, की सामाईक खर्चातून बाहेर पडणे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्याची भूमिका बहुधा उलगडते.

छतावर संच असलेले घर जाळ्याबाहेर पडलेले नसते. ते जाळ्याला देणारे आणि जाळ्याकडून घेणारे घर बनते. या स्थितीला 'स्वावलंबन' यापेक्षा 'सहभाग' हा शब्द अधिक नेमका आहे. सहभाग मानला की त्याचे मोल देण्याची जबाबदारी येते, आणि दिलेल्या विजेचे योग्य मोल मागण्याचा हक्कही येतो.

६.४ सारांश

जाळ्याला जोडलेला सौर संच बिल कमी करतो, पण अवलंबित्व संपवत नाही. नेट मीटरिंगचा वाद हा मुख्यतः सामाईक जाळ्याच्या खर्चाच्या वाटणीचा वाद आहे. छत नसलेल्यांवर भार न टाकणे आणि गुंतवणूक केलेल्यांना दिलेला शब्द पाळणे, या दोन्ही मागण्या न्याय्य आहेत. कोणताही टिकाऊ तोडगा या दोन्हींना सामावून घेणारा असावा लागेल.

६.५ पारिभाषिक शब्द

नेट मीटरिंग : दिलेल्या आणि घेतलेल्या युनिटांची परस्पर वजावट.
नेट बिलिंग : दिलेल्या आणि घेतलेल्या विजेची वेगवेगळ्या दरांनी आकारणी.
स्थिर आकार : वापर कितीही असला तरी बिलात येणारी ठरावीक रक्कम.
रोहित्र : विजेचा दाब कमी-अधिक करणारे यंत्र, ट्रान्सफॉर्मर.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'बिलाचे शून्य आणि अवलंबित्वाचे शून्य वेगळे आहे' हे विधान उदाहरणाने स्पष्ट करा.
२. वितरण कंपन्यांचा आक्षेप आणि संचधारकांची उत्तरे यांची तुलना करून तुमचे मत सकारण मांडा.
३. टीप लिहा : सार्वजनिक वादात नामकरणाचे महत्त्व.

६.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील छतावर संच असलेले एक कुटुंब आणि भाड्याने राहणारे एक कुटुंब यांची परवानगी घेऊन त्यांची एका महिन्याची वीजबिले पाहा. स्थिर आकार, वहन आकार आणि वीज आकार या नोंदी वेगळ्या काढा. प्रत्येक कुटुंब जाळ्याच्या खर्चात किती वाटा उचलते, याविषयी दोन पानांचा अहवाल लिहा. अहवालात 'स्वावलंबन' हा शब्द वापरलात, तर त्याचा अर्थही नोंदवा.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ चे उत्तर : १५० युनिट. अवलंबित्व ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येईल, म्हणजे २० टक्के बिंदूंनी घटेल.