हात कोणी ठेवले?

शास्त्रपाठ : गणना 27:18-23, प्रेषितांची कृत्ये 13:1-3, 2 तीमथ्य 1:3-7

आपल्या पाळकांवर हात कोणी ठेवले, आणि त्या हात ठेवणाऱ्यांवर कोणी, असे कोणी विचारले तर आपणांपैकी किती जणांस उत्तर देता येईल? मेथडिस्ट मंडळीची ही वंशावळ आपण थोडी मागे जाऊन पाहू.

जॉन वेस्ली यांना ऑक्सफर्डचे बिशप जॉन पॉटर यांनी 1725 साली डीकनपदाची व 1728 साली पाळकपदाची दीक्षा दिली. पुढे अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या मंडळीचे अनेक पाळक तेथून निघून गेले. हजारो लोक बाप्तिस्मा व प्रभुभोजन यांना अंतरले. वेस्लींच्या माणसाला दीक्षा देण्यास लंडनच्या बिशपांनी 1780 साली नकार दिला होता. तेव्हा सप्टेंबर 1784 मध्ये ब्रिस्टल येथे वेस्लींनी स्वतःच रिचर्ड व्हॉटकोट व टॉमस व्हेसी यांना दीक्षा दिली, आणि डॉ. टॉमस कोक यांच्यावर हात ठेवून त्यांना अधीक्षक नेमले. त्याच नाताळात बाल्टिमोर येथे कोक यांनी फ्रान्सिस ॲसबरी यांना लागोपाठ तीन दिवसांत डीकन, वडील व अधीक्षक केले. या अधीक्षकपदालाच पुढे बिशप हे नाव पडले. 1808 साली ॲसबरींनी विल्यम मॅकेंड्री यांच्यावर हात ठेवले.

पण वेस्ली स्वतः बिशप नव्हते. त्यांचे सख्खे बंधू चार्ल्स यांनाही हे कृत्य रुचले नाही. वेस्लींचे म्हणणे असे की, शास्त्रात बिशप व वडील हे एकच पद आहे. आणि प्रेषितांपासूनची अखंड साखळी कोणालाही सिद्ध करता येणार नाही.

मग वंशावळ पाहावी कशाला? अभिमानासाठी नव्हे. अंत्युखियात बर्णबा व शौल यांच्यावर हात ठेवणारे बारा प्रेषितांपैकी नव्हते. ते संदेष्टे व शिक्षक होते. कोणीही स्वतःला सेवक नेमीत नाही, देवाच्या पाचारणाला मंडळी साक्ष देते, हाच हात ठेवण्याचा अर्थ.

पौल तीमथ्याला हात ठेवल्याची आठवण देतो, पण त्याआधी आजी लोईस व आई युनीके यांचे नाव घेतो. ही दुसरी वंशावळ कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

शिक्षकांसाठी : मुलांना आपल्या पाळकांच्या दीक्षेची माहिती विचारून आणावयास सांगा. मग प्रत्येकाने, आपल्याला प्रार्थना करावयास प्रथम कोणी शिकवले, ते नाव शेजारी लिहावे.