घरच्या मत्स्यपेटीतील पाणवनस्पती : तरंगणाऱ्या आणि बुडालेल्या



सातवीच्या विज्ञानात 'अनुकूलन' शिकवताना आपण फळ्यावर कमळ काढतो आणि पुढे जातो. त्याऐवजी घरी किंवा वर्गात काचेची एक छोटी पेटी ठेवून पाहा. मुलं प्रश्न विचारायला लागतात, आणि तिथूनच खरा पाठ सुरू होतो.

कोणत्या वनस्पती घ्याव्यात?

तरंगणाऱ्या : डकवीड (लेम्ना), पिस्टिया. पिस्टिया दिसते छोट्या कोबीसारखी. तिच्या पानांवर बारीक लव असते, म्हणून पाणी टिकत नाही, घसरून जातं. डकवीडची पर्णरंध्रे पानाच्या वरच्या बाजूला असतात, कारण हवा वरच मिळते.

बुडालेल्या : हायड्रिला, व्हॅलिसनेरिया. यांची पानं पातळ किंवा फितीसारखी लांब. विरघळलेला वायू ती थेट पृष्ठभागातून घेतात. हायड्रिलाची फांदी पाण्याबाहेर धरायला मुलांना सांगा. ती लगेच मान टाकते! का? आधार पाण्याचाच असतो, त्यामुळे कडक खोडाची तिला गरजच नसते.

लागवड कशी करावी?

1. जाडसर वाळू स्वच्छ धुऊन 4-5 सेंमीचा थर द्या.
2. नळाचे पाणी 24 तास उघड्या बादलीत ठेवा, क्लोरीन बरेचसे उडून जाते. मगच पेटीत भरा.
3. व्हॅलिसनेरियाची मुळं वाळूत रोवा, पण खोडाचा वरचा भाग गाडू नका, कुजतो. हायड्रिलाच्या 3-4 फांद्या एकत्र खोचल्या तरी चालतात.
4. उजेड रोज साधारण 8 तास. थेट कडक ऊन नको, काच शेवाळाने हिरवी होते.
5. तरंगणाऱ्या वनस्पती निम्म्यापेक्षा जास्त पृष्ठभाग झाकू लागल्या की काढा. नाहीतर खालच्यांना उजेड मिळत नाही.

एक गैरसमज

'झाडं आहेत, म्हणजे ऑक्सिजनची काळजी नाही' असं अनेकांना वाटतं. पण उजेड नसताना प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन मात्र चालूच राहतं. म्हणजे रात्री माशांबरोबर वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर समजा गर्दी झाली आहे. मासे कमी ठेवा, हवेचा पंप लावा. दिवसा मात्र हायड्रिलावरचे बुडबुडे मुलांना मोजायला लावा. दिवा जवळ आणि लांब ठेवून फरक वहीत लिहू द्या.

सर्वांत महत्त्वाचे

वाढलेल्या वनस्पती ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत टाकू नका. मूळची दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी शोभेची म्हणून जगभर नेली गेली. आज पंचगंगा, मुळा-मुठा, उल्हास या नद्यांवर तिचा गालिचा आपण पाहतोच. त्याखाली उजेड पोहोचत नाही, ऑक्सिजन घटतो, मासे मरतात. म्हणून जलपर्णी पेटीसाठी आणूच नका. इतर जास्तीच्या वनस्पती उन्हात पूर्ण वाळवा आणि कुंडीत खत म्हणून घाला. पेटीतलं पाणीही गटारात किंवा नदीत न ओतता झाडांना घाला.

हे काम मुलांच्याच हातून करून घ्या. पेटीत काय वाढवायचं याबरोबरच पेटीबाहेर काय जाऊ द्यायचं नाही, हेही त्यांना कळलं पाहिजे.