एकही फ्रेम हुकता कामा नये



१८७८ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडले आणि दौडत्या घोड्याची लागोपाठ छायाचित्रे घेतली. दौडताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात, ही साध्या डोळ्यांना न दिसणारी गोष्ट त्यांतून सिद्ध झाली. मायब्रिजच्या प्रत्येक कॅमेऱ्यात स्वतःची काच होती. एकाला दुसऱ्यासाठी थांबावे लागत नव्हते.

आज हेच काम व्हिडिओ कॅमेरे करतात. पण पुष्कळदा सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रे एकाच संगणकाकडे धाव घेतात. ती साठवणारी डिस्क मागे पडली, तर चित्रे कायमची हरवतात. मग अशा कामासाठी डिस्क कशी निवडावी? जाहिरातीवरून नव्हे, तर गणितावरून! तेच गणित आज आपण करू या.

फ्रेम हुकली तर काय बिघडते?

क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार, गोलंदाजाचा हात खांद्याच्या पातळीत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत त्याचे कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ होता कामा नये. हे नुसत्या नजरेने मोजता येत नाही. त्यासाठी अनेक कॅमेरे लागतात. एकाच क्षणी दोन कॅमेऱ्यांना मनगट कोणत्या दिशेला दिसले हे कळले, की त्या दोन दिशांच्या रेषा जेथे मिळतात तेथे मनगट आहे, हे तुमच्या भूमितीवरूनच समजेल. कोपर आणि खांद्याचेही तसेच.

यातली ‘एकाच क्षणी’ ही अट महत्त्वाची आहे. समजा, हात सेकंदाला २० मीटर वेगाने फिरत आहे आणि कॅमेरे सेकंदाला १०० फ्रेम घेत आहेत. दोन फ्रेमच्या दरम्यान हात २० सेंटीमीटर सरकतो! एका कॅमेऱ्याची एक फ्रेम गळाली आणि पुढची तिच्या जागी मोजली गेली, तर रेषा भलत्याच ठिकाणी मिळतील. कोन चुकेल, आणि चांगल्या गोलंदाजावर विनाकारण ठपका येईल.

किती माहिती येते?

समजा, आपल्याकडे असे ८ कॅमेरे आहेत. प्रत्येक फ्रेममध्ये १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल आहेत, आणि एका पिक्सेलला १ बाइट लागतो. सेकंदाला १०० फ्रेम धरल्या, तर एका कॅमेऱ्याची माहिती सेकंदाला सुमारे २०७ मेगाबाइट होते. आठांची मिळून १,६५९ मेगाबाइट, म्हणजे जवळजवळ १.६६ गिगाबाइट. १० मिनिटांत सुमारे १,००० गिगाबाइटची डिस्क भरून जाईल!

आता डिस्ककडे वळू. नेहमीच्या हार्ड डिस्कची चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि साधारणपणे सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइट लिहिते. चकतीच्या आतल्या, लहान वर्तुळांवर हा वेग निम्म्याच्या आसपास येतो. शिवाय लिहिणारे टोक एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला सुमारे १० मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात आपली एक फ्रेम येऊन गेलेली असते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट, तर एनव्हीएमई जोडणीची कित्येक हजार मेगाबाइट लिहू शकते.

मग एनव्हीएमई घेतली की काम झाले? थोडे थांबा.

हौद आणि तोटी

एका हौदात आठ नळांचे पाणी पडत आहे आणि खालच्या तोटीतून ते बाहेर जात आहे. नळ म्हणजे कॅमेरे, हौद म्हणजे संगणकाची मेमरी, आणि तोटी म्हणजे डिस्क. तोटी क्षणभर तुंबली तरी हौद पाणी सांभाळून घेतो. पण तोटीच नळांपेक्षा बारीक असेल, तर हौद कितीही मोठा असो, तो केव्हातरी वाहणारच.

पुष्कळशा एसएसडींची तोटी मध्येच बारीक होते. त्या आलेली माहिती आधी काही पेशींत झटपट, पेशीला एकच बिट या हिशेबाने लिहितात. नंतर सवडीने पेशीला तीन किंवा चार बिट अशी दाटीने भरतात. झटपट लिहिण्याची जागा संपली, की वेग एकदम घसरतो. वेष्टनावर छापलेला आकडा बहुधा सुरुवातीच्या वेगाचा असतो!

समजा, घसरून वेग सेकंदाला १.२ गिगाबाइट झाला आणि मेमरीत १६ गिगाबाइट जागा मोकळी आहे. दर सेकंदाला ०.४६ गिगाबाइट तुंबत जाईल आणि सुमारे ३५ सेकंदांत हौद वाहू लागेल. अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत सारे ठीक दिसेल, आणि खऱ्या कामात फ्रेम गळतील. म्हणून चाचणी खऱ्या चित्रणाइतकाच वेळ घ्यावी, आणि सरासरी वेग न पाहता सर्वांत कमी वेग पाहावा.

निवड कशी करावी?

पहिला प्रश्न विचारा : सलग किती वेळ टिपायचे आहे? एका चेंडूसाठी ५ सेकंद पुरे. माहिती होते ८.३ गिगाबाइट, आणि ती मेमरीतच मावते. गोलंदाज पुन्हा धाव घ्यायला मागे जातो तोवर साधी हार्ड डिस्कही ती सुमारे एका मिनिटात उतरवून घेईल. येथे महाग डिस्क व्यर्थ आहे.

पण सलग ४ मिनिटांचे षटक टिपायचे तर जवळजवळ ४०० गिगाबाइट होतात. तेव्हा शेवटपर्यंत सेकंदाला १.६६ गिगाबाइटपेक्षा बराच अधिक वेग टिकवणारी एसएसडी हवी. दोन एसएसडींवर माहिती अर्धीअर्धी वाटूनही वेग वाढतो. मात्र एक बिघडली तर दुसरीवरचे अर्धे निरुपयोगी होते. म्हणून काम संपताच सर्व माहितीची नक्कल दुसऱ्या, संथ पण मोठ्या डिस्कवर करावी.

आणखी एक वाट मायब्रिजची : प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःची डिस्क! २०७ मेगाबाइटचा वेग टिकवणारी साधी साटा एसएसडीही मग पुरते. मात्र तारही तपासा. १ गिगाबिटच्या इथरनेट तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात. तेथे डिस्क कितीही वेगवान असली तरी उपयोग नाही.

करून पाहा

४ कॅमेरे, १२८० × ७२० पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम, पिक्सेलला १ बाइट. डिस्कचा वेग सेकंदाला १६० मेगाबाइट, मोकळी मेमरी ८,००० मेगाबाइट. सलग २ मिनिटांचे चित्रण निभावेल काय? आणि ३ मिनिटांचे?

(उत्तर : सुमारे १३१ सेकंदांत हौद भरतो. २ मिनिटे निभावतील, ३ मिनिटे नाहीत.)