हंगामाच्या मध्यावर कनिष्ठ हॉकी संघाचे मूल्यमापन

शालेय क्रीडाक्षेत्रात हंगामाच्या मध्यावर संघाचा आढावा घेण्याची प्रथा जुनी आहे. संघ जिंकत असला म्हणजे हे काम सुखाचे असते. संघ सतत हरत असला म्हणजे मात्र ते शिक्षकाच्या विवेकाची कसोटी पाहते. पराभवाचे खापर कोणाच्या तरी माथी फोडले जाते आणि ते बहुधा गोलरक्षकाच्या किंवा संघातील सर्वांत अबोल मुलाच्या वाट्याला येते. ज्या शाळेत अकरा खेळाडू जमविणे हेच मुळी कष्टाचे असते, तेथे असे दुखावलेले एक मूल मैदान सोडून गेले तर संघ उभा राहणे कठीण होते. यास्तव खेळाडूंना श्रेणी कशी द्यावी, हा प्रश्न केवळ क्रीडाशिक्षकांचा नाही. तो पालकांचा, ग्रामपंचायतींचा व अधिकाऱ्यांचाही आहे.

स्थानिक परिस्थितीचा विचार

पेडणे व डिचोली या तालुक्यांत हॉकी खेळणाऱ्या मुलामुलींचे मूल्यमापन करताना प्रथम मैदानाचा विचार करणे अगत्याचे आहे. जांभ्या दगडाच्या पठारावर तयार केलेल्या मैदानावर चेंडू सरळ धावत नाही. खड्यावर आदळून तो अनपेक्षितपणे उसळतो. पावसाळ्यात तेच मैदान चिखलाने भरते. याउलट आंतरराष्ट्रीय हॉकी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम हिरवळीवर खेळली जाऊ लागली. पेडणे व डिचोली यांच्या शेजारच्या बार्देश तालुक्यात, म्हापशाजवळील पेडे क्रीडा संकुलात, असे मैदान असून २०२३ मध्ये गोव्यात भरलेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतील हॉकीचे सामने तेथे झाले. मातीवर शिकलेले मूल प्रथमच अशा मैदानावर उतरते, तेव्हा चेंडूचा वेग त्याला झेपत नाही. त्या दिवशी त्याच्या हातून निसटलेले चेंडू मोजून त्यास कनिष्ठ श्रेणी देणे न्याय्य ठरणार नाही.

दुसरी गोष्ट फुटबॉलच्या सवयीची. गोव्यातील बहुतेक मुले हॉकीकडे वळण्यापूर्वी फुटबॉल खेळलेली असतात. मोकळी जागा हेरणे, साथीदाराकडे धावणे हे गुण ती सोबत आणतात. परंतु चेंडू जवळ येताच पाय पुढे करण्याची सवयही आणतात. हॉकीत चेंडू पायाने अडविणे नियमबाह्य आहे आणि स्टिकच्या गोलाकार बाजूने तो खेळताही येत नाही. असे दोष सरावाने जाणारे आहेत. त्यांना खेळाडूची अपात्रता मानू नये.

तिसरी गोष्ट उपस्थितीची. लाटंबार्से वा मेणकुरे, इब्रामपूर वा हरमल अशा गावांतून शाळेत येणाऱ्या मुलाला सरावानंतर घरी जाण्यास बस मिळते की नाही, यावर त्याचा सराव अवलंबून असतो. बससाठी अर्धा तास आधी निघणारा आणि कंटाळून निघणारा, या दोघांची नोंद हजेरीपटावर सारखीच दिसते. शिक्षकाने त्यामागील कारणही नोंदविले पाहिजे.

गोमंतकीयांना हॉकीचे अंग नाही, असा समज कोठे असल्यास तो निराधार आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात गोलरक्षक लिओ पिंटो व वॉल्टर डिसोझा हे गोमंतकीय वंशाचे खेळाडू होते. ते मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आले. गुण होता, त्याला मैदान, प्रतिस्पर्धी व मार्गदर्शक मुंबईत लाभले.

गोलफलकावरून श्रेणी का देऊ नये

टोकियो ऑलिंपिक स्पर्धा २०२१ मध्ये झाल्या. त्या स्पर्धेत भारताच्या महिला संघाने पहिले तिन्ही सामने गमावले. नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२ व ग्रेट ब्रिटनकडून १-४ असा पराभव झाला. तीन सामन्यांत अकरा गोल स्वीकारून केवळ दोन करणाऱ्या या संघातील प्रत्येकीला त्या दिवशी गोलफलक पाहून श्रेणी दिली असती, तर ती कोणती मिळाली असती हे सांगावयास नको. पुढे याच खेळाडूंनी आयर्लंडला १-० व दक्षिण आफ्रिकेला ४-३ असे हरविले आणि उपान्त्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियावर १-० असा विजय मिळविला. अखेरीस संघ चौथा आला.

पुरुष संघाचे उदाहरणही तितकेच बोधप्रद आहे. २५ जुलै २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाने भारतावर सात गोल केले. गोलरक्षक होता पी. आर. श्रीजेश. ५ ऑगस्ट रोजी कांस्यपदकाच्या सामन्यात भारत ५-४ असा आघाडीवर असताना, अखेरच्या काही सेकंदांत जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर याच श्रीजेशने अडविला आणि भारताला एकेचाळीस वर्षांनंतर हॉकीत ऑलिंपिक पदक मिळाले. अकरा दिवसांत गोलरक्षक बदलला नव्हता.

गोलांचा हिशेब कसा मांडावा

उदाहरणादाखल एक काल्पनिक शालेय संघ घेऊ. या संघाने हंगामाच्या मध्यापर्यंत सहा सामने खेळले. पाच गमावले व एक बरोबरीत सोडविला. तीन गोल केले, सतरा स्वीकारले. वरवर पाहता गोलरक्षकाला सर्वांत खालची श्रेणी मिळावी असे वाटेल. परंतु शिक्षकाने प्रत्येक गोल कसा झाला याची नोंद ठेवली असेल, तर चित्र निराळे दिसते.

समजा, सतरांपैकी सात गोल पेनल्टी कॉर्नरवर झाले. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरक्षकासह पाचच खेळाडूंना गोलरेषेमागे राहून बचाव करता येतो. उरलेले मध्यरेषेपलीकडे असतात. त्या पाचांपैकी कोणी कोठे धावावयाचे हे ठरलेले नसेल, तर तो दोष गोलरक्षकाचा नव्हे, सरावाचा आहे. सहा गोल मधल्या फळीने स्वतःच्याच अर्ध्या भागात चेंडू गमावल्यामुळे झाले. गोलरक्षकाच्या प्रत्यक्ष चुकीने झालेले गोल केवळ चार उरतात. आता त्याची श्रेणी कोणती असावी, याचा पुनर्विचार करणे भाग पडते.

याच सतरा गोलांकडे वेळेच्या दृष्टीनेही पाहावे. हॉकीचा आंतरराष्ट्रीय सामना पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत खेळला जातो. शालेय सामन्यांतील सत्रांची लांबी कमी असली तरी हिशेब तोच. सतरांपैकी नऊ गोल शेवटच्या सत्रात झाले असतील, तर संघाला कौशल्यापेक्षा दमसास कमी पडतो आहे, असे समजावे. हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात. ही सवलत वापरली गेली नसेल, तर त्या नऊ गोलांची काही जबाबदारी बाकावर बसलेल्या मार्गदर्शकाकडे जाते. खेळाडूंचे प्रामाणिक मूल्यमापन करणाऱ्या शिक्षकाला स्वतःच्या कामाचेही मूल्यमापन करावे लागते, ते असे.

श्रेणी देण्याची पद्धत

अ, ब, क, ड अशा चार श्रेणी पुरेशा आहेत. त्या पाच बाबींसाठी स्वतंत्रपणे द्याव्यात.

१. मूलभूत कौशल्य : चेंडू थांबविणे, ढकलणे, हाताळणे व योग्य दिशेने देणे.

२. स्थानानुरूप कार्य : बचावपटूने प्रतिस्पर्ध्याला कडेला रेटले काय, मधल्या फळीने चेंडू सुरक्षितपणे पुढे दिला काय, आघाडीच्या खेळाडूने मोकळी जागा निर्माण केली काय. आघाडीच्या खेळाडूंकडे चेंडूच पोहोचत नसेल, तर त्यांचे गोल मोजणे निरर्थक आहे.

३. दमसास : पहिल्या व शेवटच्या सत्रातील धावण्यात पडणारा फरक.

४. निर्णयशक्ती : चेंडू केव्हा द्यावा व केव्हा राखावा याची जाण.

५. संघवृत्ती : चूक झाल्यावर परत धावणे, साथीदाराला धीर देणे, पंचाचा निर्णय मानणे.

नोंदीसाठी मोठा खटाटोप नको. राखीव खेळाडूंपैकी एकाच्या हाती वही द्यावी व त्याने एका सामन्यात दोनच खेळाडूंकडे लक्ष ठेवावे. किती चेंडू मिळाले आणि त्यांपैकी किती साथीदारापर्यंत पोहोचले, एवढे लिहिले तरी पुरे. मधल्या फळीतील मुलीला पहिल्या सामन्यात वीस चेंडू मिळून आठ नीट पोहोचले असतील व सहाव्या सामन्यात वीसांपैकी तेरा, तर संघ दोन्ही वेळा हरला असला तरी तिची प्रगती निर्विवाद आहे. तुलना खेळाडूची त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या खेळाशी असावी. नोंद ठेवणारे मूलही या निमित्ताने खेळ पाहावयास शिकते.

श्रेणी सांगण्याची रीत

श्रेणी सूचनाफलकावर लावू नये. प्रत्येक खेळाडूला एकटे बोलावून, त्याच्या घरच्या बोलीत, प्रथम त्याची सर्वांत चांगली बाब व नंतर सर्वांत कच्ची बाब सांगावी. कच्च्या बाबीसोबत एक नेमके काम द्यावे. ‘तुझा बचाव कच्चा आहे’ असे म्हटल्याने मुलाला काही कळत नाही. ‘रोज पन्नास वेळा खाली वाकून स्टिक जमिनीला टेकवून चेंडू अडव’ असे सांगितल्यास ते काम तो घराच्या अंगणातही करू शकतो. ज्या श्रेणीबरोबर काम दिले जात नाही, ती श्रेणी मुलाच्या दृष्टीने केवळ शिक्षा ठरते.

यासाठी गणेशचतुर्थीच्या सुट्टीपूर्वीचा आठवडा सोयीचा आहे. सुट्टीत मुलाला दिलेले काम करण्यास अवसर मिळतो व घरी जमलेल्या वडीलधाऱ्यांनाही त्याची माहिती होते. पालकांनी मूल कोणत्या श्रेणीत आहे हे विचारण्याऐवजी त्याला कोणते काम मिळाले आहे हे विचारावे.

सर्वांचा सहभाग

ग्रामपंचायतींनी मैदानावरील खडे वेचणे, कडेची झुडपे तोडणे व पाणी वाहून जाण्यासाठी चर खणणे एवढे केले, तरी मधल्या फळीचे निम्मे दोष कमी झालेले दिसतील. अधिकाऱ्यांनी शाळेच्या संघाची पाहणी करताना विजयांच्या संख्येबरोबर दोन आकडे अवश्य विचारावेत : हंगामाच्या आरंभी किती मुले संघात होती आणि मध्यावर किती उरली. पाच सामने हरूनही सोळापैकी सोळा मुले सरावाला येत असतील, तर त्या शिक्षकाचे काम उत्तम चालले आहे असे समजावे. जिंकणाऱ्या संघातून सहा मुले गळाली असतील, तर चौकशी आवश्यक आहे.

मूल्यमापनाची वही शाळेच्या दप्तरी जपून ठेवावी. शिक्षकाची बदली होते, मुलेही पुढच्या इयत्तेत जातात. नवा शिक्षक आला की बहुधा सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि मागच्या वर्षी कच्चा ठरलेला मुलगा पुन्हा कच्चाच ठरतो. वही हाती असेल, तर त्या मुलाने वीसांपैकी आठांवरून तेरांपर्यंत मजल मारली होती हे नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी कळेल व पुढचे काम तेरापासून सुरू करता येईल.