ऑर्डर बुक आणि बाजाराची खोली

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात ३ नोव्हेंबर १९९४ रोजी समभागांचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू झाले. त्यापूर्वी दलाल स्ट्रीटच्या रिंगणात भाव ओरडून ठरत. आपला व्यवहार नेमक्या कोणत्या भावाला झाला, हे सामान्य गुंतवणूकदारास पडताळणे कठीण होते. आज दिल्लीतील द्वारकेत बसलेल्या विद्यार्थ्यालाही तोच पडदा दिसतो.

न जुळलेल्या ऑर्डर संगणक भावानुसार व समान भाव असल्यास वेळेनुसार लावतो. हेच ऑर्डर बुक. सर्वोच्च खरेदीभाव ९९.९० रुपये व किमान विक्रीभाव १००.१० रुपये असल्यास २० पैशांचे अंतर राहते. पायथन किंवा आर यांच्या साहाय्याने प्रत्येक भावापर्यंतच्या समभागसंख्येची बेरीज मांडली, की मध्ये दरी आणि दोन्ही अंगांना चढत्या पायऱ्या असा आलेख तयार होतो. पायऱ्या बुटक्या असतील तर एखादी मोठी ऑर्डर भाव दूरवर ढकलते.

५ ऑक्टोबर २०१२ रोजी हेच घडले. एका दलालाच्या ५९ चुकीच्या ऑर्डरींमुळे सुमारे ६५० कोटी रुपयांची विक्री झाली, निफ्टी सुमारे १५ टक्के कोसळला व व्यवहार काही काळ थांबले. कंपन्यांच्या स्थितीत त्या सकाळी काहीच बदललेले नव्हते. खरेदीच्या पायऱ्या तेवढ्या संपल्या होत्या.

आलेखालाही मर्यादा आहेत. ऑर्डरचा काही भाग पडद्यावर न दाखवण्याची मुभा असते. उलट, दिसणारी उंच पायरी रद्द होताच नाहीशी होते. केवळ इतरांना फसवण्यासाठी अशा ऑर्डर टाकणे ‘सेबी’च्या २००३ च्या विनियमांखाली गैरव्यवहार ठरते.